दोरगल्लीला पाच तारे

परगावी गेलेल्या माणसाला कुठेतरी पाठ टेकावी लागते, ही गोष्ट शासनाच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. तोवर माणसं आपापल्या अकलेने जायची, जागा मिळेल तिथे झोपायची आणि सकाळी उठून कामाला लागायची. या अंदाधुंदीला कुठेतरी आळा घालणं भागच होतं.

गादीवाल्याला या सुधारणेचा पत्ता नव्हता. तो समुद्रापासून दीड दिवसाच्या प्रवासावर, एका कोरड्या गावात राहायचा. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या झोपेची सोय केली होती. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, काठीने बडवून सारखा करायचा आणि हातभर सुईने टाके घालायचे. त्याला स्वतःला मात्र कुठेही झोप यायची. कापसाच्या ढिगावर, दुकानाच्या फळीवर, न्हाव्याच्या खुर्चीत. ‘कुठे राहणार?’ हा प्रश्न अशा माणसाला पडायचं काही कारण नव्हतं.

पडला तो ताईमुळे. त्याची थोरली बहीण लग्न होऊन समुद्राकाठच्या एका शहरात गेली, ती पन्नास वर्षं तिथे बोटींचे दोर वळत राहिली. नवरा गेला. मुलगी परदेशात. आता मुलीने तिला कायमची बोलावून घेतली होती आणि शनिवारी दुपारी बाराची बोट होती. ताई अडुसष्ट वर्षांची. परत कधी येशील, असं विचारण्यात अर्थ नव्हता.

“ढब्या, बुधवारी पोच,” तिने फोनवर सांगितलं. “तीन दिवस मिळतील आपल्याला. मग तू कुठे नि मी कुठे.”

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला ढब्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. गादीवाल्याने दुकानाला कुलूप लावलं.

“कुठल्या भागात उतरणार, बाबा?” जावयाने विचारलं. जावई शिकलेला होता, म्हणजे काहीही घेण्याआधी दोनशे अनोळखी माणसांचा सल्ला घ्यायचा. लग्नाच्या वेळी सासऱ्याबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडेना, म्हणून तो दोन महिने अडून बसला होता.

“ताईकडे.”

“ताईकडे हा भाग नाही, बाबा. ते नातं झालं.”

“मग नात्यात उतरतो.”

“अहो, ऐका तरी त्याचं,” बायको म्हणाली. “मागे त्याला न विचारता दुकानाचा पंखा आणलात.”

“फिरतोय ना पंखा?”

“फिरतोय हो. पण लोकांनी त्याला तीनच तारे दिलेत.”

मंगळवारभर पंख्याचा हा कलंक आठवत गादीवाला गाडीत बसून राहिला, आणि बुधवारी सकाळी त्या शहराच्या स्टेशनात उतरला. उतरल्या उतरल्या खारा वारा नाकात शिरला. शहर समोरच होतं. मध्ये फक्त छातीएवढा लोखंडी कठडा होता, त्यात फिरती फाटकं होती आणि वर पाटी होती : ‘निवास-अनुरूपता कक्ष. योग्य भाग निवडल्याशिवाय शहरात प्रवेश नाही. आपल्या समाधानासाठी.’

या कक्षाचा इतिहास मोठा करुण आहे. पूर्वी पाहुणे येत, चुकीच्या भागात उतरत आणि परत जाऊन वाईटसाईट लिहीत. कोणाला लाटांचा आवाज जास्त झाला. कोणाला पक्षी वेळेवर दिसले नाहीत. एका गृहस्थाने समुद्र फार खारट असल्याचं लिहून एक तारा दिला, तेव्हा नगरपालिकेने खास सभा बोलावून दिलगिरीचा ठराव केला. पुढे चौकशी समिती नेमली. समितीने तीन वर्षं किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहून असा निष्कर्ष काढला की शहरात दोष नाही, दोष निवडीत आहे. चुकीचा माणूस चुकीच्या भागात जातो, म्हणून तक्रार होते. माणूस शहरात गेलाच नाही तर तक्रार होणार नाही, हे ओघानेच आलं.

खिडकीत निवड अधिकारी बाई बसल्या होत्या. चेहरा असा, की जन्मापासून कोणीतरी त्यांना चुकीच्या भागात ठेवलं आहे.

“अकरा मान्यताप्राप्त भाग आहेत,” त्या म्हणाल्या. “कुठला?”

“दोरगल्ली. बहिणीकडे.”

बाईंनी यादी पाहिली. उलटून पाहिली. “असा भाग नाही.”

“अहो, नाही कसा? माझी बहीण पन्नास वर्षं राहतेय तिथे.”

“राहत असतील. पण तिथे पाहुण्याने राहून अभिप्राय लिहिलेला नाही. अभिप्राय नाही म्हणजे तारे नाहीत. तारे नाहीत म्हणजे यादीत नाही. यादीत नाही तिथे आम्ही तुम्हाला कसं पाठवणार? तुमचं काही बरंवाईट झालं तर?”

“बहिणीच्या घरी काय बरंवाईट होणार?”

“नातेवाइकांच्या घरीच जास्त होतं,” बाई अनुभवाने म्हणाल्या.

गादीवाला शहाणा होता. अडला हरी म्हणून त्याने माघार घेतली. “बरं, द्या त्या अकरातला कुठलाही. बाहेर पडलो की जाईन माझा मी.”

बाईंनी लेखणी खाली ठेवली. “‘कुठलाही’ असा रकाना नाही. ज्याला कुठलाही चालतो, त्याला नंतर काहीच चालत नाही. प्रश्नावली घ्या. प्रश्न एक : समुद्र दिसायला हवा, ऐकू यायला हवा, की परत गेल्यावर फक्त सांगायला हवा?”

असे चौऱ्याऐंशी प्रश्न होते. गादीवाल्याने ते मुकाट्याने सोडवले. शेवटी बाईंनी खिडकीच्या फळीवर उशीएवढ्या अकरा गाद्या मांडल्या. प्रत्येक भागाचा एकेक नमुना. “दाबून बघा आणि जी आपली वाटेल ती सांगा.”

इथे घात झाला. दुसरा कोणी असता तर त्याने एक गादी दाबून ‘ही’ म्हटलं असतं आणि सुटला असता. पण ज्याने चाळीस वर्षं एकच काम केलं आहे, त्याच्यासमोर तेच काम वाईट केलेलं ठेवावं आणि त्याने गप्प बसावं, हे होत नाही. गादीवाल्याने पहिली दाबली. दुसरी दाबली. अकराव्यापर्यंत गेला. मग अंगठ्याच्या नखाने एका गादीचा टाका उसवला आणि आत बोट घातलं.

“बाई, यात कापूस नाही. चिंध्या आहेत. आणि या अकराही एकाच गाठोड्यातल्या आहेत. टाकासुद्धा एकाच हाताचा. डावखुऱ्या माणसाचा आहे बघा.”

बाईंनी लाल शाईची लेखणी उघडली.

“मुक्कामाला जाण्यापूर्वीच तक्रार,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “याला आम्ही आगाऊ तक्रार म्हणतो. अकराही भागांना कळवावं लागेल.”

अर्ध्या तासात अकराही भागांनी कळवलं की असल्या माणसाला आमच्याकडे पाठवू नये. गादीवाला प्रतीक्षा दालनातल्या एका बाकावर जाऊन बसला. कठड्यापलीकडे शहरातली माणसं भाजी घेऊन चालली होती.

बाकावर शेजारी एक निवृत्त मास्तर होते. अकराव्या दिवसात होते. त्यांचा टॉवेल खिडकीच्या गजाला वाळत होता.

“तुमचं काय झालं?” गादीवाल्याने विचारलं.

“प्रश्नावलीत शेवटी विचारलंय, ‘वरील उत्तरं खरी आहेत का?’ मी लिहिलं, बहुतेक.”

“एवढ्याने?”

“ती बघा, चौथ्या बाकावर. ती माझी पत्नी. ती याच शहरातली, बरं का. मी अडकलो म्हणून माझ्या गोळ्या द्यायला कठड्याच्या या बाजूला आली. आली ती पाहुणी झाली. तिची तर प्रश्नावली अजून छापायची आहे.”

बुधवार गेला. गुरुवारी ताईचा फोन आला.

“ढब्या, कुठे मेलास?”

“आलोय ताई, इथेच आहे. स्टेशनात. जरा भाग निवडतोय.”

“दोन दिवस? लग्नाला मुलगी बघायला तुला अर्धा तास लागला होता!”

“तेव्हा नमुना दाबून बघायला सांगितला नव्हता.”

ती हसली नाही. म्हणाली, “उद्या मीच येते.”

शुक्रवारी सकाळी ताई कठड्यापलीकडे येऊन उभी राहिली. बुटकी, वाकलेली, तळहात दोर वळून वळून लाकडासारखे झालेले. गादीवाला धावला. तो कठड्यावरून वाकला तसा तिने हात वर करून त्याचा कान धरला, कारण तेवढाच हाताला लागला.

“ताई, या बाजूला पाऊल टाकू नका!” मास्तर बाकावरून ओरडले. “बोट चुकेल!”

गादीवाला बाईंच्या खिडकीशी गेला. आता त्याचा आवाज चढला होता. “बाई, उद्या दुपारी ती जायचीय. कायमची. मला एक दिवस तिच्या घरी बसायचंय. तुम्हाला बहीणभाऊ काही आहेत की नाहीत?”

“आहे ना भाऊ,” बाई म्हणाल्या. “सहा नंबरच्या बाकावर आहे.”

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा, दोरगल्ली यादीत नाही कारण अभिप्राय नाही. एक अभिप्राय आला की ती यादीत येते. यादीतल्या अकरा भागांनी तुम्हाला नाकारलंय, बाराव्याने नाही. लिहा अभिप्राय.”

“पण मी तिथे गेलोच नाही!”

“मग तर उत्तम. तिथे राहणाऱ्यांचा अभिप्राय आम्ही धरत नाही. त्यांचा त्यात हितसंबंध असतो. तिऱ्हाइताचा धरतो.”

“न पाहता?”

“अकरापैकी नऊ भागांचे अभिप्राय याच दालनात लिहिले गेलेत. मास्तरांनीच चार लिहिलेत.”

मास्तरांनी टॉवेलाकडे पाहिलं. “वेळ जात नाही हो,” ते म्हणाले.

खोटं लिहिणं गादीवाल्याच्या स्वभावात नव्हतं. पण कठड्यापलीकडे खरं माहीत असलेली बाई उभी होती. त्याने फोन मास्तरांच्या हातात दिला. “ताई, तू सांग. मास्तर लिहितील.”

“काय सांगू?”

“तुझी गल्ली कशी आहे ते.”

उद्या जिथून उठायचं आहे ती जागा कशी आहे, हे ताईला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“लिहा,” ती म्हणाली. “आमच्या गल्लीत दाराला कुलूप नसतं. म्हणजे कुलूप असतं, पण किल्ली कुठाय ते कोणाला आठवत नाही. बर्फवाला तोंडाचा फाटका आहे. शिवी घातल्याशिवाय बर्फ देत नाही. पण कोणाला ताप चढला तर बर्फ घेऊन पहिला तोच धावतो, आणि धावताना पण शिव्याच देतो. शेजारच्या काकूच्या पायरीवर दहा वाजेपर्यंत ऊन असतं. तिथे बसलं की गुडघे आपले वाटतात. काकू हसली की पायरी हलते.”

“पुढे?” मास्तर म्हणाले. त्यांचा अंगठा आता सावकाश चालत होता.

“दोर वळताना आम्ही उलटं चालतो. एक टोक खुंटीला, एक आपल्या हातात, आणि पीळ देत देत मागे जायचं. पन्नास वर्षं मी अशी मागे मागे समुद्रापर्यंत गेलेय. गल्ली समोर असते आणि लांब लांब जात राहते. उद्या बोटीतून तशीच दिसेल. बास. अजून काय लिहायचं?”

सहा नंबरच्या बाकावरून कोणीतरी नाक ओढलं.

“तारे किती?” मास्तरांनी विचारलं.

“कसले?”

“पाचापैकी द्यायचे असतात.”

“मग पाच द्या की. आमच्या आकाशात काय कमी आहेत?”

चौदा मिनिटांत दोरगल्लीला मान्यता मिळाली. शासनाच्या इतिहासात इतक्या वेगाने एकच काम झालं आणि ते हे. बाईंनी गादीवाल्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारला : ‘दोरगल्ली. पाच रात्री. निवडलेला मुक्काम पूर्ण करणं बंधनकारक.’

तो दिवस मात्र त्यांना मिळाला. दोरगल्ली ताईने सांगितली तशीच होती, फक्त जरा अरुंद. ताईचं घर रिकामं झालं होतं. उरली होती ती एक गादी. तिच्या लग्नात भावाने केलेली. तेराव्या वर्षी त्याने केलेली पहिलीच. टाके वाकडे, कडा एकीकडे फुगलेली.

“कापूस गोळा झालाय गं,” तो दाबून म्हणाला.

“पन्नास वर्षांत माणसाचाही होतो.”

त्याने ती उसवली, काकूच्या पायरीवर बसून सगळा कापूस हाताने मोकळा केला आणि पुन्हा भरली. ताई शेजारी बसून दोऱ्याला मेण लावून देत होती. बर्फवाला येऊन दोघांनाही शिवी घालून गेला. काकूने गादी आपल्याकडे ठेवायचं कबूल केलं आणि हसली. पायरी हलली. गादीवाल्याला वाटलं, घेतला तेवढा त्रास वसूल झाला.

शनिवारी सकाळी आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी सारख्या टोप्या घातलेली चार माणसं आली. प्रत्येकाच्या हातात ताईचा अभिप्राय छापलेला होता.

“पडताळणी पथक,” प्रमुख म्हणाला. “आपल्या भागाला पाच तारे मिळाल्याबद्दल अभिनंदन. रातोरात चार लाख लोकांनी हा अभिप्राय वाचलाय. पाहुणे येतील तेव्हा त्यांना लिहिल्याप्रमाणेच सगळं मिळालं पाहिजे. नाहीतर ती फसवणूक होईल. दाराला कुलूप नसतं, असं लिहिलंय. तिसऱ्या घराला दिसतंय.”

“ते आतून गंजलंय. उघडतच नाही,” काकू म्हणाली.

“दिसतंय,” प्रमुख म्हणाला, आणि एकाने पटाशीने कुलूप उचकटलं. त्याबरोबर दारही निखळलं. लिखाणात दाराबद्दल काही खास आग्रह नव्हता, म्हणून ते तसंच ठेवलं.

साडेअकराला गादीवाला ताईला घेऊन बोटीपाशी गेला. ती त्याच्या दंडाला धरून चालत होती.

“त्या टोपीवाल्यांचं काय चाललंय रे?”

“रंगरंगोटी करणार आहेत म्हणे.”

“माझ्या मागे का होईना, करतायत.” ती फळीवर चढली. मग वळून मागे मागे चालत वर गेली, दोर वळताना चालायची तशी, त्याच्याकडे तोंड करून. वर पोचल्यावर ओरडली, “ढब्या! नीट जेव!”

बोट सुटली. ती ठिपका होईपर्यंत तो उभा राहिला. तो तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि ते तिला पटलं होतं.

परत आला तर गल्लीच्या तोंडाला सूचना लागली होती : ‘या भागात सकाळी नऊ ते सायंकाळी पाच उलटं चालणं अनिवार्य.’ टपालवाला उलटा येता येता गटारात बसला होता. त्याला उचलायला धावलेल्या दोघांना पथकाने सरळ धावल्याबद्दल समज दिली.

बर्फवाल्याला वेळापत्रक मिळालं. शिव्यांच्या वेळा आठ, दहा, बारा आणि चार. शिव्या निश्चित करायला उपसमिती बसली. तिने ‘गाढवा’ मंजूर केली. आणखी दोन विचाराधीन ठेवल्या. बर्फवाल्याने वेळापत्रक वाचलं आणि पथकाच्या प्रमुखाला, त्याच्या वडिलांना आणि उपसमितीला मिळून एक शिवी घातली. गल्लीने इतकी वर्षं ऐकलेल्यांत ती सर्वोत्तम होती. पण ती यादीत नव्हती आणि वेळही साडेतीनची होती. त्याला तिथल्या तिथे निलंबित केलं. रविवारी एका लहान मुलीला ताप चढला, तेव्हा नवा बर्फवाला जागेवरून हलला नाही. तापाच्या वेळी धावण्यासाठी पाहुण्यांची किमान संख्या पंचवीस ठरली होती आणि त्या वेळी एकवीसच जमले होते.

काकूच्या पायरीवरचं ऊन मोजलं. नऊ चाळीसला गेलं. “वीस मिनिटं कमी आहे,” प्रमुख म्हणाला. समोरच्या घराचा वरचा मजला आड येत होता. सोमवारी दुपारी तो उतरवला. त्यात राहणारं कुटुंब खाली उभं राहून बघत होतं. ते सरळ उभे होते, पण उभं राहण्याबद्दल नियम नसल्याने त्यांना काही करता आलं नाही.

“आता हसून दाखवा,” प्रमुख काकूला म्हणाला.

“काय म्हणून हसू? समोरच्यांचं घर पाडलंत.”

“ऊन वाढलंय की. हसा.”

“रडू येतंय मला, मेल्या!”

प्रमुखाने लिहून घेतलं : पायरी हलत नाही.

गादीवाला मध्ये पडला. “अहो, हे मी लिहिलंय! माझ्या बहिणीने सांगितलं आणि माझ्या नावाने गेलं. तिला असं नव्हतं म्हणायचं. या माणसांबद्दल बोलत होती ती!”

प्रमुखाने त्याला आदराने नमस्कार केला. “आपणच का ते! तोच तर प्रश्न आहे, साहेब. आपण माणसांचं जे वर्णन केलंत त्याच्याशी ही माणसं जुळत नाहीत. बावन्न जणांची तपासणी केली. सात जुळले. आणि त्यातले तीन काल दिवसभर उलटं चालून दवाखान्यात आहेत.”

“मग माझा अभिप्राय रद्द करा! एक तारा करा!”

“एक ताऱ्याचा भाग धोकादायक ठरतो. धोकादायक भाग आम्ही पाडतो. करू?”

गादीवाल्याने ‘नको’ म्हटलं. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायचीही सोय राहिली नव्हती. इथे भीक त्याने मागितली होती आणि कुत्रं दुसऱ्यांच्या अंगावर गेलं होतं.

मंगळवारी बदली माणसं आली. प्रशिक्षित. नवी काकू चौतीस वर्षांची होती. केसांना पांढरी पावडर लावलेली, गालावर सुरकुत्या काढलेल्या. ती दर दहा मिनिटांनी हसायची आणि पायरीखाली बसवलेल्या यंत्राने पायरी हलायची. गादीवर आता पाहुणे ओळीने बसून फोटो काढत होते. कोणालाही ती दाबून बघावीशी वाटली नाही.

बुधवारी गादीवाल्याचा मुक्काम नियमाप्रमाणे संपला. गल्लीच्या तोंडाला नवा कठडा बसवला होता, फिरतं फाटक होतं आणि खिडकी होती. फाटकाबाहेर न जुळलेली पंचेचाळीस माणसं बोचकी घेऊन फुटपाथवर बसली होती. तीन दिवसांसाठी म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं. बाहेर काढल्यामुळे ती पाहुणी झाली होती, आणि दोरगल्ली पुढची तीन वर्षं भरलेली होती.

खरी काकू फुटपाथवर बसून कोरा अर्ज बघत होती. गादीवाला तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिने एखादी शिवी घालावी म्हणून वाट पाहत राहिला.

“तुझ्या ताईने सांगितलं होतं ते वाचून दाखवलं मला एकाने,” काकू म्हणाली. “किती छान राहत होतो रे आपण. मला माहीतच नव्हतं.”

तो तिच्याशेजारी बसला. ती अर्ज त्याच्यापुढे करत म्हणाली, “यात ‘आपण कुठून आलात?’ असं विचारलंय. आत बोट दाखवू की काय करू?”

गादीवाल्याने फोन काढला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने फोनवर, एकेक अक्षर शोधत, स्वतः काही लिहिलं. त्याला अर्धा तास लागला. तारा एकही दिला नाही. दिला की काय होतं ते त्याने पाहिलं होतं. फक्त एवढंच लिहिलं : ‘इथे येऊ नका. इथे माणसं राहत होती. ती आता बाहेर फुटपाथवर बसलीत. तुम्ही आलात की ती अजून लांब जातील. हात जोडतो, येऊ नका.’

एवढं स्पष्ट, मनापासून आणि बिनदिखाऊ लिहिलेलं लोकांनी फार दिवसांत वाचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांत वर गेलं. एक्केचाळीस हजार वाचकांनी त्याखालचं ‘उपयुक्त’ हे बटण दाबलं, आणि मग त्यांतल्या बहुतेकांनी दोरगल्लीत खोलीसाठी नाव नोंदवलं.

त्या बटणावरचं एक बोट तुमचं होतं. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही तेव्हा समुद्र दिसणारी खोली शोधत होतात.